एका हातात येती का?

आमच्या फिजिक्सच्या सरांना कुणी कुठलीही नवी वस्तू दाखवली, की ते तिची किंमत विचारत नसत, कंपनी विचारत नसत. "एका हातात येती का?" एवढंच विचारत. मग ती छत्री असो, टिफिनचा डबा असो, नाहीतर कुणाचं बाळ. बायोलॉजीच्या सरांच्या मुलीच्या बारशाला आम्ही सगळे गेलो होतो, तिथंही त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि बाळाच्या आईचा चेहरा पडला. सरांनी मुलीला अलगद डाव्या हातावर घेतलं, उजवा हात हवेत मोकळा हलवून पाहिला, दाराच्या दिशेनं चार पावलं टाकली आणि "येती. झकास," असं म्हणून तिला परत आईच्या मांडीवर ठेवलं. पुढे जेवणं होईपर्यंत त्या बाईंनी मूल कुणाच्याच हातात दिलं नाही.

लातूरला मेडिकलच्या क्लासेसचं पेव फुटलं त्या काळातली ही गोष्ट. मी हदगावहून येऊन एका मोठ्या क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायला लागले होते. क्लास तिसऱ्या मजल्यावर, खाली चहावाला आणि झेरॉक्सवाले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पहिल्या आलेल्या मुलांचे मोठमोठे फोटो. सर आमच्यात सगळ्यांत जुने. पन्नाशी उलटलेली, अंगात कायम फिकट निळा शर्ट, आवाज एवढा बारीक की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा श्वास रोखून ऐकत. मला ते सुरुवातीला अजिबात आवडले नाहीत. मला नीटनेटकी, सरळ बोलणारी माणसं लागतात. आणि हे गृहस्थ स्टाफरूममध्ये खुर्ची ओढून अगदी दाराच्या चौकटीत बसायचे. आत-बाहेर जाताना प्रत्येकाला त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालावा लागे.

"सर, जरा आत बसा की," मी एकदा वैतागून म्हणाले.

"आतून दारापर्यंत नऊ पावलं व्हतेत मॅडम. हितून एक."

टेबलावर ते स्टीलचा एक पेला ठेवत, अर्धा पाण्यानं भरलेला. वर्गात, स्टाफरूममध्ये, परीक्षेच्या हॉलमध्ये, जिथं जातील तिथं हा पेला. ते पाणी ते कधीच पीत नसत. शिकवता शिकवता मध्येच त्यांची नजर पेल्यावर जाई, क्षणभर तिथं थांबे आणि पुन्हा फळ्याकडे येई. खालून एखादा उसाचा ट्रक गेला की पाण्यावर बारीक वलयं उठत. तेव्हा ते वाक्य अर्ध्यावर सोडत, आणि ट्रक पुढे गेल्याची खात्री झाली की तेच वाक्य, त्याच शब्दापासून पुढे सुरू करत.

त्यांचं गाव भूकंपात गेलं होतं, आई त्यातच गेली होती. हे सगळ्यांना माहीत होतं आणि याविषयी कुणी बोलत नसे. आमच्याकडे अशी माणसं पुष्कळ आहेत. कुणी पक्क्या घरात राहून अंगणात झोपतं, कुणी दाराला कडी लावत नाही. सर स्वतः भूकंप हा शब्द उच्चारत नसत. 'ते' म्हणत. "ते झालं तवा मी नोकरीला नवा व्हतो," असं. गुरुत्वाकर्षण शिकवताना पुस्तकात इमारतीवरून दगड पडतो, सरांच्या गणितात मात्र दगड कधी पडला नाही. त्यांच्याकडे टाकीतून पाणी पडे, झाडावरून बोर पडे, फार तर नांदेडच्या एसटीच्या टपावरून कोथिंबिरीची जुडी पडे.

ही गणितं हा त्यांचा खरा ऐवज. एकोणीस-वीस वर्षं रोज दोन-तीन नवी गणितं रचायची, असा त्यांचा नेम होता. ती सगळी रजिस्टरांमध्ये, सुबक अक्षरात, आकृत्यांसकट. अशी चौदा रजिस्टरं झाली होती आणि तीच त्यांची मोठी अडचण होती, कारण चौदा रजिस्टरं काही एका हातात येत नव्हती.

म्हणून बाजारात टॅब्लेट आले तेव्हा जगात सगळ्यांत जास्त आनंद आमच्या सरांना झाला असेल. लातुरात पहिल्या काही लोकांत त्यांनी तो घेतला आणि स्टाफरूमच्या दारात बसून डाव्या हाताच्या पंजावर तोलून धरला. उजवा हात मोकळा हलवून पाहिला.

"पाटी हाय ही मॅडम. आपली ल्हानपणीची पाटी. आन् चौदाच्या चौदा हिच्यात बसत्यात."

तेव्हापासून त्याला ते पाटीच म्हणत. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी रजिस्टरातलं पान न् पान तिच्यात उतरवलं. फोटो काढून चाललं असतं, पण नाही, लेखणीनं पुन्हा लिहिलं. उतरवून झालेलं रजिस्टर रद्दीत. मला हे कळलं तेव्हा मी अक्षरशः ओरडले. "सर, निदान ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये एक कॉपी तरी ठेवा! बिघडली म्हणजे?"

"दोन ठिकाणी ठिवलं की माणूस दोन्हीकडं पळतंय," ते म्हणाले. "एकच पायजे. एका हातात."

यावर आमचं भांडण ठरलेलं. मला तो टॅब्लेट म्हणजे धड ना कॉम्प्युटर, धड ना वही असा प्रकार वाटे. सेंद्रिय रसायनांच्या रचना त्यावर काढायला गेले की षटकोनाचा बटाटा होई. चार ओळी मराठीत टाइप करायला अर्धा तास. एकीकडे पुस्तक आणि एकीकडे उत्तरपत्रिका उघडी ठेवायची सोय नाही. गच्चीवर उन्हात नेला तर त्यात आपलंच तोंड दिसे. शिवाय लाइट जाण्याच्या बाबतीत आमचं गाव किती तयार आहे ते सांगायला नको. सर हे सगळं मान्य करत. त्यांना तर त्याचा दुप्पट त्रास होता. खडूनं त्यांची बोटं इतकी कोरडी पडलेली, की पाटी त्यांना ओळखतच नसे. दहादा टकटक केली तरी ढिम्म. मग त्यांनी लहान मुलं पाटी पुसायला ठेवतात तसा ओल्या स्पंजचा तुकडा डबीत घालून खिशात ठेवला. बोट स्पंजावर टेकवायचं, मग पाटीवर. डायरेक्टर सरांना त्यांनी पाटीवरून रजेचा अर्ज लिहिला, त्याला तीन दिवस लागले आणि तोवर रजेची तारीख उलटून गेली.

पण त्यांची करमणूकही तिच्यातच होती. मधल्या सुट्टीत बुद्धिबळ खेळत, कुस्त्या पाहत, आणि पैलवान चीत झाला की एवढा शांत माणूस मांडीवर थाप मारून "मारली रे!" म्हणे. एकदा मी चिडून म्हणाले, "सर, खरं सांगा. ही वस्तू रोजच्या कामाला उपयोगाची आहे का?"

"तुमचं ते कॉम्प्युटर उचला आन् तीन जिने उतरून दावा. मंग बोलू."

"मी कशाला उचलू? तशी वेळ आली तर सगळं टाकून पळेन ना."

ते हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी डबीचं झाकण लावलं. "सगळे आसंच म्हणतेत मॅडम. पर पळतानी हाताला कळत न्हाई. हात जे धरायचं ते धरतोच." एवढं बोलून ते तासाला निघून गेले. मी मनात म्हटलं, चक्रम माणूस आहे.

सरांच्या पाटीचं वेड डायरेक्टर सरांना भावलं. इतर क्लासवाल्यांनी वातानुकूलित हॉल केले होते, आपण एक पाऊल पुढे जाऊ, असा त्यांनी विचार केला. पुढच्या वर्षी निवडक साठ मुलांच्या बॅचला क्लासतर्फे टॅब्लेट दिले गेले. नोट्स त्यावर, सराव परीक्षा त्यावर. चौकात तसा बोर्ड लागला. पालकांकडून फॉर्मवर सही घेतली, की टॅब आहे तसा परत करू. आणि हॉलच्या भिंतीवर पेंटरकडून लाल अक्षरात लिहून घेतलं: 'टॅब नेहमी दोन्ही हातांनी धरावा.'

सर त्या दिवशी हॉलमध्ये शिरले, ते वाचलं आणि तसेच उलटे फिरून डायरेक्टरांच्या केबिनमध्ये गेले. मी चाचणीच्या वेळापत्रकासाठी तिथंच बसले होते.

"ते 'दोन्ही' काढा," सर म्हणाले.

"काय?"

"भिंतीवरचं. 'दोन्ही' काढा. एका हातानं धरायचं. एक हात मोकळा पायजे."

"अहो सर, पडला म्हणजे? पोरं आहेत ती."

"पडू द्या."

डायरेक्टर सरांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मी हसावं. मी हसले. आज त्याची लाज वाटते. "सर, तुमच्यामुळंच तर आणलेत ना हे," ते समजुतीनं म्हणाले. "तुम्हीच म्हणायचा, पाटी म्हणजे सगळं."

सरांचा चेहरा एकदम उतरला. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या 'दोन्ही'वर खडूनं काट मारलेली होती. ती पुसली गेली. पुन्हा काट आली. तिसऱ्यांदा डायरेक्टर सरांनी त्यांना सगळ्यांसमोर सुनावलं, की अशा गोष्टी या वयात शोभत नाहीत, आणि यापुढे काही झालं तर आपल्याला विचार करावा लागेल. सर मान खाली घालून ऐकत होते. उजव्या हाताची बोटं उघडत होती, मिटत होती. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांच्यासाठी भीती वाटली. त्यांच्या वयाच्या माणसाला दुसरा क्लास कोण देणार?

त्यानंतरचे काही आठवडे ते हॉलमध्ये असले की मलाही चैन पडेना. मुलं टॅब छातीशी धरून यायची, दोन्ही हातांनी, भिंतीवर लिहिल्याप्रमाणे. सर दारात उभे राहून त्यांचे हात बघायचे. एकोणसाठ पायऱ्या होत्या आमच्या जिन्याला, त्यांनी मोजल्या होत्या. जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. मीसुद्धा नकळत त्यांच्या पेल्याकडे बघायला लागले होते.

तो रविवार होता. भर दुपारी साठ मुलांची सराव परीक्षा चालू होती. पर्यवेक्षणाला सर आणि मी. सर दाराजवळ, डाव्या हातात त्यांची पाटी, टेबलावर पेला. आधी आवाज आला, जमिनीच्या पोटातून यावा तसा, खोल. मला वाटलं ट्रक. मी पेल्याकडे पाहिलं. पाणी थरथरत होतं आणि पेला टेबलावर बारीक किणकिणत होता. रस्त्यावरून ट्रक गेला नव्हता. वरचे पंखे दांड्यासकट हलत होते.

"उठा," सर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच बारीक होता.

मुलं उठली. साठच्या साठ मुलांनी आधी टॅब उचलले आणि दोन्ही हातांनी छातीशी कवटाळले. कुणी टॅबसाठी दप्तर उघडत होतं, कुणी चार्जर ओढत होतं. दाराशी गर्दी झाली. पुढच्याला मागचा छातीवरच्या टॅबनं ढकलत होता, कठडा धरायला कुणाचाच हात रिकामा नव्हता. पहिल्या पायरीवर एक पोरगा घसरला आणि पडता पडतासुद्धा त्यानं टॅबच सांभाळला.

"पाट्या टाका! हात मोकळे करा!" सर ओरडले. त्यांना ओरडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

कुणीही टाकली नाही. दाराच्या तोंडाशी माहूरची एक मुलगी होती, हुशार, भित्री. ती थिजून उभी राहिली होती आणि तिच्यामागे सगळी अडली होती. "टाक, बाई," सर तिला म्हणाले.

ती रडायला लागली. "सर, पप्पांची सही हाय."

सरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या डाव्या हाताकडे. चौदा रजिस्टरं होती त्या हातात. बोरं, कोथिंबिरीच्या जुड्या, टाकीतलं पाणी, सगळं. मला वाटतं मी "सर, नको!" असं म्हणाले. त्यांनी हात उंच केला, सगळ्यांना दिसेल असा, आणि पाटी जोरानं फरशीवर आपटली.

काच फुटल्याचा आवाज झाला. मग त्या मुलीनं टाकली. मग तिच्यामागच्यानं. मग हॉलभर नुसते धडाधड आवाज.

"एक हात कठड्याला, एक हात शेजारच्याला! चला!"

आणि मुलं उतरू लागली. कठड्याच्या बाजूचा कठडा धरून, दुसरा त्याचा हात धरून, जोडीजोडीनं. सर दाराशी उभे राहून एकेकाचे हात पाहून पुढे सोडत होते. शेवटी मी. माझा पाय साडीत अडकला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं, ते एकोणसाठाव्या पायरीपर्यंत सोडलं नाही.

आम्ही खाली आलो तेव्हा सगळं शांत होतं. चहावाला गाळणी झटकत होता. "सुटली का परीक्षा?" त्यानं विचारलं. त्याला काहीच जाणवलं नव्हतं. इमारतीला तडाही गेला नव्हता. मुलं मात्र रस्त्याच्या कडेला एकमेकांचे हात धरून उभी होती आणि बराच वेळ कुणी सोडेना.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, सौम्य धक्का, नुकसान नाही. आमच्या हॉलमध्ये मात्र फुटक्या टॅबचा ढीग होता. डायरेक्टर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "जमीन हलली असेल, मी नाही म्हणत नाही. पण टॅब टाकायला लावायची काय गरज होती, मॅडम? तुम्ही होता तिथं. होती गरज?"

मी त्या जिन्यावर होते. माझ्या मनगटावर अजून बोटांचे वळ होते. पण नोकरी माझीही होती, आणि समोरचा माणूस काय ऐकायला बसलाय ते मला कळत होतं. मी म्हणाले, "नव्हती, बहुतेक." 'बहुतेक' तेवढं मी माझ्या मनाच्या समाधानासाठी जोडलं. तो शब्द त्यांनी ऐकलाही नसेल. संध्याकाळच्या आत सरांच्या हातात पत्र पडलं.

सरांची पाटी मी समोरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं उघडून पाहिली आणि मान हलवली. आतलं काहीच निघणार नाही, म्हणाला.

सर देगलूरला भाच्याकडे निघाले. मी स्टँडवर गेले ते माफी मागायला, पण आधी गाडीची वेळच विचारली. देगलूरची गाडी लागायला वेळ होता. खांद्याला एक झोळी अडकवून ते बाकाच्या टोकाला बसले होते. मी शेवटी म्हणाले, "सर, वीस वर्षांचं काम गेलं तुमचं. आणि मी केबिनमध्ये..."

"ठावं हाय. आसू द्या," ते म्हणाले. मग समोरच्या गाड्यांकडे पाहतच बोलू लागले. "मॅडम, ते झालं त्या दिशी माझ्याकडं नववीच्या चाचणीचे पेपर व्हते. दोन गठ्ठे. नवी नोकरी. जाग आली ती धावतच आली, आन् भायेर आलो तवा दोन्ही हातांत गठ्ठे. कवा उचलले, मला अजून म्हाईत न्हाई. उंबऱ्यात आई बसली व्हती, गुडघ्यानं अधू. म्हणली, हात दे रे. मी म्हणलं, थांब, गठ्ठे ठिवून येतो."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

"ठिवून आलो," ते म्हणाले. "समदं अंगणाएवढंच अंतर."

बस लागली. कंडक्टरनं दार उघडलं. सर उठले, झोळी सावरली, आणि सवयीनं डावा हात पाटी तोलायला पुढे आला. तो तसाच पुढे राहिला. मग त्यांनी दोन्ही तळवे समोर धरले आणि त्यांच्याकडे जरा ओशाळून पाहिलं.

"एक हात मोकळा पायजे, एवढंच आजवर शिकलो," ते म्हणाले. "आता ह्या दुसऱ्याचं काय करावं, कळंना झालंय."

मी तो माझ्या हातात घेतला, आणि कंडक्टरनं हाक मारेपर्यंत धरून ठेवला.